पाहुणे यायच्या आधी जिभेतला स्टड काढू का?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी २२ वर्षांची, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. नागपूरला हॉस्टेलवर राहून बीएस्सी केलं, आता घरी राहून तालुक्याच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करते. दीड वर्षापूर्वी नागपुरातच मैत्रिणीसोबत जाऊन तिनं जीभ टोचून घेतली, मधोमध, वर-खाली गोळी असलेला स्टीलचा स्टड, आणि तेव्हा घातलेला तोच अजून आहे. घरी फक्त चुलत बहिणीला माहीत आहे. पुढच्या महिन्यात पाहुणे पाहायला येणार आहेत, तर पाहुणे आले की काढायचा आणि गेले की परत घालायचा असा तिचा विचार आहे. मधे वावरात हुरडा खाताना तोंडात कट्टकन वाजलं, खडा वाटला, थुंकून पाहिलं तर दाढेचा कोपरा होता, तेव्हापासून थंड पाणी झोंबते. दातांच्या डॉक्टरकडे गेली नाही कारण तालुक्याच्या दवाखान्यातला कंपाउंडर गावचाच आहे. ती लिहिते, "ताई, नाक टोचलं तेव्हा मी पाच वर्षांची होती, मला कोणी विचारलं नाही. जीभ मी माझ्या मनानं टोचली. आता काढला तर हारल्यासारखं होईन." आणि पत्राच्या शेवटी, १७ वर्षांच्या चुलत बहिणीलाही जत्रेत ३०० रुपयात टोचून घ्यायचं आहे, घरचे म्हणतात ती सिकलसेलची (रक्ताचा जन्मजात आजार) आहे, तिला काय सांगू?

बाई, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मलाही वाटलं की हे पाहुण्यांबद्दलचं पत्र आहे. मग परत वाचताना लक्षात आलं की बाबा काय म्हणतीन, आई किती रडीन, पोराकडच्यांना कळलं तर काय, हे सगळं मिळून दीड पान आहे आणि दाढेवर दोन ओळी आहेत, त्याही अशा की जशी चालता चालता ठेच लागली. म्हणून मी उलट्या क्रमानं उत्तर देते, आधी दाढ, मग हिरडी, मग बहीण, आणि पाहुणे सगळ्यात शेवटी.

तू धरून चालली आहेस की दीड वर्ष झालं, पिकलं नाही, सुजलं नाही, म्हणजे आता धोका गेला. हे अर्धं खरं आहे. जीभ टोचल्यावरचा जो पहिला धोका असतो, रक्त न थांबणं, सूज, पू, तो पहिल्या काही आठवड्यांचा असतो आणि त्यातून तू सुखरूप निघालीस. जिभेची जखम महिना-दीड महिन्यात भरते. पण दातांचं नुकसान त्याच्यानंतर सुरू होते, हळूहळू होते, आणि दुखत नाही म्हणून कळतच नाही, कळते तेव्हा असं कट्टकन कळते.

हुरडा किती मऊ असतो हे तुला मी काय सांगू, त्यानं दाढ फुटत नाही. हुरडा चावता चावता गोळी दोन दाढांच्या मधे आली असणार. आणि माझ्या ओळखीच्या एक दातांच्या डॉक्टर आहेत, त्यांना मी तुझं नाव-गाव न सांगता विचारलं, त्या म्हणाल्या की बऱ्याचदा दाढ एका चावण्यात फुटत नाही, आधीपासून बारीक तडे गेलेले असतात आणि शेवटचा दणका कोणत्यातरी घासाला बसतो. दाताचं वरचं कवच शरीरातली सगळ्यात टणक गोष्ट आहे पण काचेसारखी आहे, वाकत नाही, तडकते. आणि तू स्वतःच लिहिलंस की अभ्यास करताना स्टड दातांवर टकटक वाजवायची सवय लागली आहे. दिवसातून किती वेळा होत असेल ते? तुला वाटते पाच-दहा वेळा, बाजूला बसणाऱ्या मैत्रिणीला विचारून पाहा.

दुसरी गोष्ट दांडीची. टोचताना मुद्दाम लांब दांडीचा स्टड घालतात कारण जीभ सुजणार असते, आखूड घातला तर सुजलेली जीभ गोळीला गिळून टाकते, गोळी मांसात रुतून बसते. सूज उतरली की दोन-चार आठवड्यांनी परत जाऊन आखूड दांडी घालून घ्यायची असते. तुला हे कोणी सांगितलंच नाही की सांगितलं आणि तू गावाकडं आली म्हणून राहून गेलं, ते मला माहीत नाही, पण दीड वर्ष तू सुजलेल्या जिभेच्या मापाचा स्टड घालून राहिली आहेस. दांडी जितकी लांब आणि वर्षं जितकी जास्त, तितका दात आणि हिरडीला मार जास्त. गोळी प्लास्टिकची घातली तर दात कमी फुटतात म्हणतात, पण हिरडी घासायची ती घासतेच.

आता हिरडी. हे तू पत्रात लिहिलंच नाही कारण तुला ते दिसलंच नसणार. आज रात्री एक काम कर. मोबाइलचा टॉर्च लाव, पावडरच्या डबीतला छोटा आरसा खालच्या पुढच्या दातांच्या मागं धर, जिभेच्या बाजूनं, आणि भिंतीवरच्या आरशात पाहा. पुढून दात छान दिसतीन, मागून पाहायचं आहे. हिरडीची कड सगळ्या दातांना सारखी आहे की मधल्या दोन दातांना खाली सरकली आहे? दात तिथं लांब दिसतो का, मुळाचा पिवळसर भाग उघडा पडला आहे का, नखानं खरवडलं तर कडक थर लागतो का? जीभ टोचणाऱ्यांचं बहुतेक याच जागेचं नुकसान होते, कारण खालची गोळी किंवा दांडी तिथंच टेकते, बोलताना, गिळताना, झोपेत. आणि लाळेच्या नळ्या तिथंच जिभेखाली उघडतात, म्हणून कीटण तसंही तिथं सगळ्यात आधी जमते, स्टड असला की ब्रश मागं नीट जात नाही आणि स्टडवरही तोच थर चढतो. ओठ टोचणाऱ्यांचं याच्या उलट असते, त्यांची हिरडी दातांच्या पुढून सरकते.

एकदा सरकलेली हिरडी आपोआप वर येत नाही. हे वाक्य मी दोनदा लिहून खोडलं, कारण तुला घाबरवायचं नव्हतं, पण ते खरं आहे म्हणून ठेवलं. दात झिजला तर भरता येते, फुटला तर कॅप बसते, पण हिरडी आणि तिच्याखालचं हाड गेलं की दात हलायला लागतो, आणि मग टाळूचं मांस काढून तिथं शिवायचं ऑपरेशन करावं लागते, तेही सगळ्यांना पूर्ण जमत नाही. चांगली गोष्ट ही की घासणारी वस्तू काढली की बहुतेकांचं सरकणं तिथंच थांबते. म्हणजे तुझ्याकडं थांबवायची वेळ अजून आहे.

म्हणून पंधरा दिवसांच्या आत दातांच्या डॉक्टरकडे जा, पाहुण्यांच्या आधी. फक्त थंड पाणी झोंबत असेल आणि लगेच थांबत असेल तर बहुतेक नस वाचलेली आहे, कोपरा घासून गुळगुळीत करतात किंवा सिमेंट भरतात, एका फेरीत होते. पण गरम चहानं ठणकत असेल, रात्री झोपेतून जाग येत असेल, किंवा झोंबणं मिनिटभर रेंगाळत असेल तर नसेपर्यंत गेलं आहे, मग रूट कॅनाल आणि कॅप, म्हणजे फेऱ्या वाढल्या आणि पैसेही. महिनाभर लांबवलं तर पहिलं दुसऱ्यात बदलू शकते, आणि तू लपवून ठेवलेली गोष्ट तेव्हाच घरी कळीन, कारण गाल सुजला की सगळं घर विचारते.

कंपाउंडरची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. डॉक्टरनं रुग्णाची गोष्ट बाहेर सांगायची नाही हा नियम आहे, तू १८ वर्षांच्या वरची आहेस, तुझ्या परवानगीशिवाय ते आईबाबांना सांगू शकत नाहीत. पण नियम डॉक्टरला माहीत असतो, बाहेर नंबर लावणाऱ्याला असतोच असं नाही, आणि खेड्यात गोष्ट एसटीच्या आधी घरी पोहोचते हे मलाही माहीत आहे. तर तालुक्याला जाऊच नको. यवतमाळवरून वर्ध्याजवळचं सावंगी मेघे नागपूरपेक्षा बरंच जवळ आहे, तिथं शरद पवार डेंटल कॉलेज आहे. नागपूरला मेडिकल कॉलेजच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तुझं नागपूर पाहिलेलं आहे. अशा कॉलेजांत हिरड्यांचा वेगळा विभाग असतो, तुला तोच हवा आहे, आणि खाजगीपेक्षा खर्च बराच कमी येते. जे वाचक बाकी जिल्ह्यांतले आहेत त्यांनी आपल्या जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात दातांचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते विचारून घ्या, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि उपचार मोफत आहेत.

तिथं गेल्यावर पहिल्याच वाक्यात सांगजो की जिभेत स्टड आहे आणि दीड वर्ष झालं. लाजून दाढ फुटली एवढंच सांगशील तर ते दाढ भरून देतीन आणि सहा महिन्यांनी दुसरी फुटीन. रागावले तर रागावू दे, पाच मिनिटं असते ते. मग दोन प्रश्न विचार, हिरडी किती सरकली ते मापून सांगा, आणि दाढेचा तडा खाली मुळापर्यंत गेला आहे का. एक्स-रेच्या आधी स्टड काढायला लावतीन कारण धातू मधे येतो, तेव्हा तिथंच काढून घेतलास तर सगळ्यात बरं.

आता तुझा तो काढ-घाल करायचा विचार. तो मला सगळ्यात जास्त खटकला. तोंडातलं छिद्र कानासारखं नसते, काढलं की लवकर आकसते, काहींचं काही तासांतच. मग पाहुणे गेल्यावर तू आरशासमोर घाईघाईत दांडी आत दाबशील, आतून चिरीन, ताजी जखम होईन आणि त्या जखमेत न उकळलेला, रुमालात गुंडाळलेला स्टड जाईन. दीड वर्षापूर्वीचा जो धोका संपला होता तो तू परत पहिल्या दिवसापासून सुरू करशील. काढायचा असेल तर एकदाच काढ, नसेल काढायचा तर पाहुण्यांसमोरही राहू दे.

"हारल्यासारखं होईन" या वाक्यापाशी मी खूप वेळ थांबले. नाक टोचताना कोणी विचारलं नाही आणि जीभ मी माझ्या मनानं टोचली, हे तू जे लिहिलंस ते काही पोरकट नाही. आपल्याकडे पोरीच्या अंगावर काय असावं हे सगळे ठरवतात, सोनार, आजी, सासू, जिचं अंग आहे तिला विचारत नाहीत. मला हे कळते. पण मग मला सांग, दीड वर्ष हा स्टड कोण पाहून राहिलं आहे? घरी हसताना तू तोंडावर हात ठेवतेस असं लिहिलंस, आईसमोर जोरात बोलत नाहीस, जांभई आली तर उठून जातेस. तो स्टड तुझ्या मनानं घातलेला होता हे खरं, पण त्याच्यापायी तू रोज दुसऱ्यांच्या मनानं तोंड मिटून राहिली आहेस. आणि पाहुण्यांसाठी काढला तर ते हारणं होईन हेही मी मान्य करते. फुटलेली दाढ स्वतः पाहून, आरशात हिरडी पाहून, डॉक्टरशी बोलून तू ठरवलंस की आता पुरे, तर ते ठरवणारी कोण आहे? तूच ना. मग हारली कोणापाशी?

आणि तू डॉक्टरचं सगळं ऐकूनही म्हणालीस की नाही ताई, मला ठेवायचाच आहे, तर मी भांडणार नाही. मग निदान एवढं कर, आखूड दांडीचा आणि इम्प्लांट ग्रेड, म्हणजे शरीरात बसवायच्या दर्जाच्या, टायटॅनियमचा घालून घे, साध्या स्टीलमधल्या निकेलची काहींना ॲलर्जी असते, टकटक बंद कर, रोज रात्री धुतलेल्या हातानं गोळ्या घट्ट आहेत का पाहा कारण सैल झालेली गोळी झोपेत गिळली जाते आणि श्वासनळीत गेली तर जीवावर येते, आणि दर सहा महिन्यांनी हिरडी मापून घे. माप वाढलं की काढायचा, हे आजच स्वतःशी ठरवून ठेव. माझं मत विचारशील तर काढ. दातांच्या डॉक्टरांच्या संघटनाही, अमेरिकेतली मोठी संघटना धरून, तोंडात टोचूच नका असंच सांगतात.

काढताना हात साबणानं धू, कोरड्या स्वच्छ कापडानं किंवा गॉजनं खालची गोळी धर आणि वरची फिरव, ओली बोटं घसरतात. अडकली तर पक्कड वगैरे लावू नको, डॉक्टर दोन मिनिटांत काढतात. आणि त्या वेळी जीभ सुजलेली असेल किंवा पू असेल तर घरी काढू नको, छिद्र वरून बंद होऊन पू आत कोंडतो, आधी औषध सुरू करून मग काढायचा. नंतर आठवडाभर कोमट मिठाच्या पाण्यानं गुळण्या, तर्री आणि ठेचा जरा लांब. छिद्राच्या जागी बारीक खळगा राहू शकतो, कोणाच्या लक्षातही येत नाही.

अजून एक, रक्ताची तपासणी. ज्या दुकानात टोचलं तिथं सुई नवीन पाकीट फोडून काढली होती का, ते तुला आठवत नाही असं तू लिहिलंस. मग हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही, या तीन तपासण्या एकदा करून टाक. मनात संशय आहे म्हणून नाही, हिपॅटायटिस वर्षानुवर्षं काही लक्षण न दाखवता राहतो म्हणून. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात मोफत होते आणि गुप्त ठेवतात. हिपॅटायटिस बीची लस आपल्याकडे बाळांच्या नेहमीच्या लसीकरणात देशभर २०११ च्या सुमारास आली, म्हणजे तुझ्या वयाच्या खेड्यातल्या कितीतरी पोरापोरींना ती मिळालेली नाही. रिपोर्ट चांगला आला तर लस घेऊन टाक.

आता बहीण. इथं मला तुझ्यापेक्षा जास्त काळजी वाटून राहिली आहे.

"सिकलसेलची आहे" याचे दोन अर्थ होतात आणि आपल्या भागात लोकं दोन्ही एकाच तोंडानं म्हणतात. तिचं कार्ड काढून पाहा. एएस पॅटर्न असेल तर ती वाहक आहे, तिची तब्येत बहुतेक साधारण असते. एसएस असेल तर ती रुग्ण आहे, आणि मग हा विषय फॅशनचा राहतच नाही. सिकलसेलच्या रुग्णाची प्लीहा लहानपणापासूनच खराब होत जाते, त्यामुळं जंतूंशी लढायची ताकद कमी असते, आणि ताप, जंतुसंसर्ग, पाणी कमी पिणं यातूनच तो हाडं पिळून काढणारा त्रास, क्रायसिस, उठतो. जीभ टोचल्यावर चार-पाच दिवस तर पाणी गिळणंही कठीण जाते. म्हणजे जे जे टाळायचं ते सगळं एकाच सुईत. कार्ड नसेल किंवा हरवलं असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात परत तपासणी होते.

तिला हेही विचार की लहानपणी सांधे सुजून ताप यायचा का, दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन घ्यायला लागायचं का, हृदयाला छिद्र किंवा झडपेचा त्रास कोणी सांगितला होता का. हे मी सगळ्या वाचणाऱ्यांनाच विचारून राहिली आहे. तोंड म्हणजे जंतूंचं घर, टोचलं की ते रक्तात उतरतात, चांगल्या हृदयाचा माणूस त्यांना पुरून उरतो, पण खराब झडपेवर ते घर करतात आणि मग सलाइनमधून कित्येक आठवडे औषध, कधी झडप बदलायचं ऑपरेशन. ज्यांना शुगर आहे किंवा रक्त लवकर थांबत नाही त्यांनीही हा नाद सोडा.

जत्रेतलं ३०० रुपयांचं दुकान नको म्हणजे नकोच. जिभेत दोन्ही बाजूंनी मोठ्या रक्तवाहिन्या असतात, जरा तिरपी सुई गेली तर रक्त थांबवायला तिथं कोण आहे? धूळ उडते, एकच सुई आणि चिमटा स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून शंभर जणांना. पुसल्यानं निर्जंतुक होत नाही, त्याला वाफेच्या दाबाचं मशीन लागते. आणि ती १७ ची आहे, घरच्यांच्या संमतीशिवाय तिला जो टोचून देईन तो माणूस बाकी काय काय सोडून देत असेल याचा विचार कर.

ती म्हणते ना की जवाऱ्याच्या मिरवणुकीत लोकं जिभेतून बाणा, म्हणजे टोकदार सळई, आरपार काढतात, त्यांना काही होत नाही. ज्याची श्रद्धा त्याच्यापाशी, त्यात मी पडत नाही. पण तिला एवढं दाखव की बाणा त्याच दिवशी निघतो. स्टड रात्रंदिवस तिथं राहतो, जेवताना, झोपताना, वर्षानुवर्षं, आणि दात फुटतो तो त्या राहण्यानं. आणि बाणा टोचलेल्यांपैकी नंतर कोणाकोणाची जीभ पिकली हे मिरवणुकीत दिसत नाही.

तरी तिनं गुपचूप करूनच घेतलं, पोरं करतात, तर तिला रागवायच्या आधी ही लक्षणं पाठ करायला लाव. हनुवटीखाली गळ्यापर्यंत कडक सूज, जीभ वर उचलल्यासारखी, स्वतःची थुंकी गिळता न येणं, आवाज बदलणं, तोंड न उघडणं, श्वास लागणं. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही, १०८ ला फोन. जिभेखालचा जंतुसंसर्ग असा पसरला की काही तासांत श्वासाची वाट बंद होऊ शकते. धनुर्वाताचं इंजेक्शन आरोग्य केंद्रात मिळते, ते लगेच.

पोट्ट्यांनो, तुम्हीही वाचून राहिले असाल. ओठाला रिंग आणि तोंडात खर्रा, हे आता आमच्याकडच्या पानठेल्यावरही दिसते. जखमेवर चुना, तंबाखू आणि सुपारी, ती जखम भरणार कशी? टोचायचं सोडा, आधी आपल्या उजव्या हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालून पाहा. जात नसतील तर तोंड आखडून राहिलं आहे, सुपारीनं गालाचं आतलं मांस दोरीसारखं कडक होते, आणि त्यातल्या काहींचं पुढं कॅन्सरपर्यंत जाते. रिंग राहू द्या बाजूला, उद्या दवाखान्यात जा.

बाई, मी तुला माझी एक गोष्ट सांगते. मी नववीत असताना मैत्रिणीकडून कानाच्या वरच्या कडक भागाला शिवणाच्या सुईनं छिद्र करून घेतलं. घरी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी पिकलं, मी केस सोडून कान झाकला, आठ दिवस त्याच कुशीवर झोपले नाही. आईनं वेणी घालायला बसवलं तेव्हा तिला दिसलं. मला वाटलं आता पाठीत बसतीन. ती काहीच बोलली नाही, चुलीवरचं गरम पाणी घेऊन आली आणि दुसऱ्या दिवशी मजुरी पाडून मला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले तिसऱ्या दिवशी आणलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं. माझा कान आजही तिथं आत दबलेला आहे. सुईनं नाही दबला तो, त्या आठ दिवसांनी दबला.

म्हणून मला वाटते की तू आईला सांगावंस. आजच नाही. आधी सावंगीला जाऊन ये, दाढ भरून घे, काय ठरवायचं ते ठरव, आणि मग एखाद्या दुपारी, ती तूर निवडत बसली असेल तेव्हा बाजूला बसून सांग. तेव्हा तू परवानगी मागत नसशील, झालेलं सांगत असशील, त्यात फरक आहे. ती रडीन. रडू दे. बाबांना सांगायचं की नाही हे तिच्यावर सोड, त्यांच्याशी कसं बोलायचं ते तिला तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळते.

आणि पाहुणे. त्यांच्याबद्दल माझ्याजवळ फार काही नाही. स्टड काढला असेल तर ते तुझं जुनं, जसं एखाद्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन, पहिल्याच भेटीत कोणी सांगत नाही. पोरगं बोलायला बरं वाटलं आणि गोष्ट पुढं सरकली तर कधीतरी सांगून दे, तो कसा ऐकतो त्यावरून तुलाही त्याच्याबद्दल कळीन. पण त्या दिवशी पोहे घेऊन बाहेर येताना तोंडावर हात ठेवून हसू नको.

सावंगीला जाताना सोमवार टाळ, आठवड्याच्या पहिल्या दिवशी ओपीडीत गर्दी असते, सकाळच्या पहिल्या गाडीनं निघ आणि आधार कार्ड सोबत ठेव. बहिणीलाही घेऊन जा, तिचं सिकलसेलचं कार्ड घेऊन. हिरडीचं माप काय निघालं ते मला लिहून पाठवजो.